पाच वाजताचे ऊन

महावीर जयंती ते अक्षय्य तृतीया हा काळ सांगलीच्या परिसरात पिवळ्या रंगाचा असतो. शहरातून हरिपूरकडे जाणारा रस्ता, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमापाशी वसलेले ते जुने गाव, पलीकडे मिरज आणि तासगावच्या बाजूला पसरलेली शिवारे. जेथे म्हणून चोपून सारवलेली किंवा फरशी घातलेली मोकळी जागा असेल, तेथे शिजवलेली हळद पसरलेली दिसते. जानेवारीत सुरू झालेली काढणी तोवर संपलेली असते. उशिरा लावलेल्या किंवा मजुरांअभावी मागे राहिलेल्या शेतांचा माल तेवढा खळ्यावर उरतो. अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर नव्या हळदीची लागण करण्याची रीत असल्यामुळे गेल्या पिकाचा शेवट आणि पुढच्या पिकाचा आरंभ कधी कधी एकाच आठवड्यात, एकाच बांधाच्या दोन बाजूंना पाहावयास मिळतो. आणि नेमक्या याच दिवसांत आभाळ भरून येऊ लागते.

सांगलीची हळदपेठ व्यापारी घरांना नव्याने सांगावी लागू नये. राजापुरी हळदीच्या नावाशी हे शहर कायमचे जोडले गेले आहे. कर्नाटक, तेलंगण आणि आंध्रातूनही माल येथल्या सौद्यांत उतरतो. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र पोत्यातील हळद पाहणाऱ्याला ती पोत्यात येण्यापूर्वी तिने किती ऊन खाल्ले आणि किती ढग सोसले याची कल्पना क्वचितच असते. हळदीचा कस शेतात ठरतो हे खरे. पण त्याची किंमत पुष्कळदा खळ्यावर ठरते.

जमिनीतून निघालेला कंद पाण्याने भरलेला असतो. शंभर किलो ओल्या हळदीतून वाळून हाती येते ती साधारण वीस किलो. बाकीचे सारे पाणी उन्हाने ओढून घ्यावयाचे. प्रथम जेठे गड्डे, बगल गड्डे आणि हळकुंडे वेगळी केली जातात. मग ती काहिलीत, आणि अलीकडे वाफेच्या कुकरमध्ये, शिजवली जातात. शिजण्याचा तो उग्र, गोडसर वास एकदा नाकात बसला की शिवारात शिरतानाच कोणाकडे काहील चढली आहे ते कळते. शिजलेली हळद दोन-तीन इंच जाडीच्या थरात पसरतात. थर फार पातळ झाला तर कडक उन्हात तिचा रंग उडतो. जाड झाला तर खालची हळद ओलीच राहते. रोज उलटायची, संध्याकाळी ढीग करून झाकायची, सकाळी पुन्हा पसरायची. असे दहा ते पंधरा दिवस चालते. पंधरा दिवस कोरडे, अखंड ऊन. हळदीची मागणी एवढीच असते, आणि एप्रिलअखेरचे आभाळ एवढेच देत नाही.

असा एक दिवस पाहण्यासारखा असतो. सकाळी सहाला आभाळ काचेसारखे स्वच्छ. आठपर्यंत ताडपत्र्या निघतात, बायका फावड्यांनी आणि हातांनी थर सारखा करतात. दहाला ऊन चटका देऊ लागते आणि हळदीवरून उष्ण वाफेचा हलका वास उठतो. आजचा दिवस साधला, असे सर्वांना वाटू लागते. साडेअकराच्या सुमारास पूर्वेला, दंडोबाच्या डोंगराच्या दिशेने, पिंजलेल्या कापसाचे दोन-चार पुंजके दिसतात. त्यांच्याकडे कोणी विशेष लक्ष देत नाही. साडेबाराला, म्हणजे सूर्य अगदी माथ्यावर येण्याच्या वेळी, ते पुंजके एकमेकांना भेटलेले असतात. एक वाजता पहिली सावली खळ्यावरून सरकत जाते. लगेच ऊन, पुन्हा सावली. दोनला ढगांचे तळ काळसर होतात, वारा पडतो, आणि खळ्याचा मालक कमरेवर हात ठेवून आभाळाकडे पाहत उभा राहतो. गडगडाट ऐकू आला की निर्णय करावाच लागतो. माणसे धावतात, हळद ओढून ढीग केला जातो, ताडपत्र्या पडतात, कडांवर दगड ठेवले जातात. अर्धा-पाऊण तास घामाघूम होऊन केलेले हे काम पुरे होते आणि पाऊस पडतो चार थेंब. कधी तेवढाही नाही.

मग पाच वाजता ऊन पडते.

ते इतके स्वच्छ, इतके सोनेरी असते की त्याचा राग यावा. पश्चिमेकडील ढगांची कड फाटते आणि तिरप्या किरणांनी सारे शिवार उजळते. झाकलेल्या ढिगांवरच्या निळ्या ताडपत्र्या चकाकू लागतात. सूर्यास्ताला अजून दोन तास असतात. पण त्या उन्हात दुपारच्या निम्मेही बळ नसते, जमीन दमट झालेली असते, आणि हळद पुन्हा पसरून तासाभरात पुन्हा ढीग करावयाचा तर मजुरांचा दिवस सरलेला असतो. शहरातील माणूस त्या प्रकाशाला सुंदर म्हणेल. खळ्यावर त्याला दुसरी विशेषणे आहेत.

या अवेळीपणाला दैव म्हणण्याची सवय जुनी आहे. परंतु त्यामागे चोख हिशेब आहे. एप्रिल-मे महिन्यांत या भागावरचे ढग बहुधा दुरून चालत येत नाहीत; सूर्यच ते येथे घडवितो. सकाळचे ऊन जमीन तापविते, जमीन तिच्यालगतची हवा तापविते, ती हलकी होऊन वर चढते, आणि चढता चढता निवून तिच्यातील बाष्पाचा ढग होतो. ऊन जितके कडक, तितकी हवा वेगाने वर जाणार. त्यात समुद्राकडून आलेल्या दमटपणाची भर पडली की वळिवाची तयारी पूर्ण झाली. म्हणूनच ढगांची गर्दी पहाटे नसते, दुपारी असते. सांगलीच्या अक्षांशावर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी सूर्य भरमध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. वर्षातील सर्वांत सरळ ऊन ते हेच, आणि त्याच्याच पोटी ढग जन्मतात. ढग दाटले की जमीन सावलीत जाते, निवते, वर जाणारा प्रवाह मंदावतो; खालून रसद न मिळाल्याने सायंकाळी ढग विरू लागतात. तोवर सूर्य पश्चिमेला कललेला असतो. म्हणजे पाच वाजताचे ऊन उशिरा आलेले नसते. दुपारच्या उन्हाने उभे केलेले छप्पर मोडल्यावर उरलेले ते ऊन असते.

हे कळल्याने हळद वाळत नाही. परंतु खळ्यावरचे अनुभवी हात हे न शिकताच जाणतात. सकाळी सहापासूनच घामाने अंगरखा चिकटू लागला तर ते पहिल्या प्रहरीच हळद दोनदा उलटून घेतात, दुपारच्या उन्हाचा भरवसा धरीत नाहीत. नवखा माणूस मात्र जेवणानंतर उलटू म्हणतो, आणि जेवण होईपर्यंत सावली येते.

खरा धोका पावसाइतकाच ताडपत्रीचाही असतो, ही गोष्ट बाहेरच्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. अर्धवट वाळलेली, तापलेली हळद झाकली आणि वरून पुन्हा ऊन पडले की आत वाफ धरते. ताडपत्रीच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमतात आणि त्याच हळदीवर गळतात. सकाळभर उन्हाने काढलेले पाणी संध्याकाळी पुन्हा तिच्याच अंगावर. म्हणून पाच वाजता मालकापुढे प्रश्न उभा राहतो तो असा: उघडावे तर रात्री पुन्हा पावसाची धास्ती, न उघडावे तर हळद घामेजणार. बहुतेक जण मधला मार्ग काढतात. ताडपत्रीच्या दोन बाजू वर उचलून वाऱ्याला वाट करून देतात आणि रात्री एकाला खळ्यावर झोपावयास ठेवतात. दोन-तीन दिवस असे गेले तर हळद वरून वाळलेली आणि आतून ओली राहते. तिला बुरशी धरण्याची भीती असते, आणि रंग तर काळवंडतोच.

हा सारा इतिहास सौद्याच्या वेळी एका क्षणात वाचला जातो. ढिगात हात घालून खालचे हळकुंड काढावयाचे आणि दोन्ही अंगठ्यांनी मोडावयाचे. नीट वाळलेले हळकुंड धातूसारखा टणक आवाज करून तुटते आणि आतला नारिंगी-पिवळा रंग कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा असतो. ओले हळकुंड वाकते, दबते, मग कष्टाने तुटते. खरेदीदार काही बोलत नाही. दुसऱ्या ढिगाकडे वळतो, किंवा बोली खाली आणतो. त्याच्या बाजूनेही हिशेब सरळ आहे. आज तोललेले पाणी गोदामात उडून जाणार, वजन घटणार, आणि ओल्या पोत्याची बाधा शेजारच्या कोरड्या पोत्याला होणार. व्यापारात पिढ्या घालविलेल्या घरांतून मुलाला पेढीवर बसविताना खतावणीच्या आधी हळकुंड मोडावयास शिकवीत, ते उगाच नव्हे. मात्र भाव पाडण्यापूर्वी तो माल कोणत्या आठवड्यात खळ्यावर होता एवढे विचारणारा खरेदीदार अधिक जाणता म्हणावा लागेल. ढगांच्या आठवड्यातील काळसर हळद आणि आळसाने ओली राहिलेली हळद दिसावयास सारखीच असते. पहिलीचा शेतकरी पुढील वर्षी उत्तम माल घेऊन येतो, आणि आपल्याला कोणी समजून घेतले होते हे त्याच्या लक्षात राहते.

हळदीचे जैन स्वयंपाकघराशी असलेले नातेही उन्हानेच जोडलेले आहे. ओली हळद हे कंदमूळ. ज्या घरांत कंदमुळे वर्ज्य, तेथे ती येत नाही. तीच शिजून, उन्हात पूर्ण वाळून अचित्त झाली की रोजच्या फोडणीत बसते, जशी आल्याच्या जागी सुंठ बसते. तेव्हा खळ्यावरचे हे पंधरा दिवस केवळ टिकाऊपणासाठी नसतात. त्या उन्हावाचून डब्यात हळदच नसती.

शहरातल्या गच्च्यांवर याच आठवड्यांत तोच खेळ लहान प्रमाणावर चालू असतो. चातुर्मासात हिरवी भाजी टाळणाऱ्या घरांना पावसापूर्वी वाळवणे उरकावयाची असतात. कोठे मुगाचे पापड आणि सांडगे, मारवाडी घरांत मंगोड्या, गुजराती घरांत खीचिया. सर्वांत नाजूक प्रकरण छुंद्याचे. किसलेली कैरी आणि साखर यांचे पातेले तोंडाला पातळ फडके बांधून उन्हात ठेवावयाचे आणि आठ-दहा दिवस विस्तवाशिवाय केवळ सूर्याकडून पाक करवून घ्यावयाचा. चार दिवस आभाळ आले तर पाक पातळ राहतो आणि छुंदा आंबण्याचे भय. मग सासूबाई म्हणतात, गॅसवर ठेवा. आजेसासूबाई म्हणतात, उद्या ऊन पडेल. पातेले दुपारी आत येते. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणारे घर पानावर बसते, आणि पश्चिमेच्या खिडकीतून नेमके ताटांवर, डोळे दिपविणारे, ते ऊन येऊन पडते. पानावरून उठून पातेले गच्चीवर कोण नेणार?

अलीकडे पारदर्शक छताचे सौर वाळवणघर आले आहे, यंत्राने वाळविण्याची सोय आहे, आणि दुपारी गडगडाट होणार की नाही हे भ्रमणध्वनी सकाळीच सांगतो. हजारो पोत्यांच्या मालाला ही छपरे पुरी पडावयाची नाहीत. लहान शेतकऱ्याने ती एकत्र येऊन बांधली तर मात्र शेवटच्या आठवड्याचा माल तरी वाचेल.

एकदा पूर्ण वाळली की हळदीला उन्हाचे काही सोयरसुतक उरत नाही. हरिपूरच्या पेवांत तर ती थेट अंधारात जात असे. तेथील घट्ट मातीत दोन-तीन पुरुष खोल खोदलेले, अरुंद तोंडाचे, पोटात रुंद असे हे खड्डे. तोंड बंद झाले की आत हवा नाही, कीड नाही, ऋतू नाही. हळद वर्षानुवर्षे जशीच्या तशी राही. पेव उघडल्यावर बराच वेळ हवा खेळू दिल्याशिवाय आत कोणी उतरत नसे. २००५ च्या महापुरात या पेवांत पाणी शिरले आणि साठविलेला माल गेला. त्यानंतर गोदामे आणि शीतगृहे यांकडे कल वाढला. जी हळद ढगांच्या तावडीतून एकेका दुपारी सोडविली होती, तिला अखेर नदीने गाठले.

मेच्या शेवटच्या आठवड्यात रोहिणी नक्षत्र लागते, पंधरवड्याने मृग. तोवर खळी झाडून निघतात. फरशीच्या सांध्यांत आणि कामगारांच्या नखांत पिवळेपण तेवढे राहते. ताडपत्र्या उन्हात टाकून कोरड्या केल्याशिवाय घडी घालून ठेवता येत नाहीत, म्हणून एके सकाळी त्या खळ्यावर पसरल्या जातात. दुपारी आभाळ येते.