काय कमावलं?

बाभळीची साल काढताना मी खोडाच्या एकाच बाजूची, तळहाताएवढीच काढते. भोवती गोल सोलली तर झाड मरतं, कारण पानांतली साखर सालीच्या आतल्या थरातूनच मुळांकडे उतरते. मग सावलीत वाळवायची, कुटायची, अल्कोहोलात भिजवायची.

असे अर्क विषाणू रोखतात का, हे मी तपासते. या कामातल्या पहिल्या वर्षीची थाळी अजून आठवते. तळाशी पेशींचा सलग थर, वर हर्पिसचा विषाणू. विषाणू पेशी मारतो तिथे भोक पडतं. क्रिस्टल व्हायोलेट ओतलं की जांभळ्या थरात ती भोकं मोजता येतात. बाभळीचा अर्क घातलेल्या कप्प्यांत एकही भोक नव्हतं! धावतच सरांकडे गेले. त्यांनी थाळी उजेडात धरली आणि एवढंच विचारलं, "टॅनिन काढलंस?"

नव्हतं काढलं. आमच्या गावी चामडं कमावणारे बाभळीच्या सालीच्या पाण्यात कातडी भिजत घालत. सालीतलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट धरतं, म्हणून चामडं कुजत नाही. थाळीत त्यानं विषाणूची प्रथिनं तशीच धरली होती. पण तोंडावाटे घेतल्यावर ते लाळेला चिकटणार, अन्नाला चिकटणार. विषाणूपर्यंत पोचणार कधी? अर्क पॉलिअमाइडमधून गाळला, टॅनिन मागे राहिलं. पुढची थाळी भोकांनी भरलेली. मला औषध सापडलं नव्हतं. मी विषाणूचं चामडं कमावलं होतं.

कधी कधी झाडातून खरंच काही हाती लागतंही. सामोआत १९८४ मध्ये एपेनेसा माउइगोआ या वैदूबाईंनी पॉल कॉक्स या वनस्पतिशास्त्रज्ञाला मामाला झाडाची साल दाखवली. काविळीवर ती देत. त्या झाडातून पुढे प्रोस्ट्रॅटिन मिळालं. पेशींत दबा धरून बसलेल्या एचआयव्हीला ते जागं करतं. मला मात्र मोह पडतो तो तिथल्या वैदूंच्या निवडीचा. मामालाचे दोन प्रकार ते ओळखतात. त्यांतला एकच घेतात, तोही ठरावीक आकाराच्या झाडाचा. नकार द्यायला ते आमच्याआधी शिकले होते.

माझ्या वहीत आता प्रत्येक सालीपुढे, विषाणू किती रोखला याचे, दोन रकाने असतात : टॅनिनसकट आणि टॅनिनविना. दुसऱ्यात बहुतेक वेळा शून्यच. यंदा एका सालीपुढे तिथेही लहानसा आकडा उरला. लगेच तो अर्क विषाणूविना, नुसत्या पेशींवर घातला. अर्कानं पेशीच मरत असतील तर तो आकडाही खोटा. कळायला तीन दिवस लागतील. तोवर कुणाला काही सांगितलेलं नाही.