परत आलेला डबा

लातुरात अकरावी-बारावीच्या मुलांची मेस चालवायची म्हणजे परीक्षा रोज दोनदा, आणि निकालही हातोहात. निकाल म्हणजे परत आलेला डबा. शिकवण्यांसाठी गावोगावहून आलेली ही पोरं तोंडानं फारसं बोलत नाहीत. फार तर ‘काकू, भाजी थोडीच द्या ओ’. कप्पे उघडले की कळतं. चटणी पुसून खाल्लेली, भात संपलेला, भाजीला मात्र बोटही लागलेलं नाही.

असे डबे घासून घासून माझं एक मत पक्कं झालंय. या वयाची तक्रार चवीपेक्षा गिचक्याची असते. हीच पोरं शेंगदाण्याची जाळ चटणी खातात, बुक्कीनं फोडलेला कांदा खातात. पाणी सुटून गाळ झालेली भाजी तेवढी नको. म्हणून माझं निम्मं लक्ष मसाल्यापेक्षा पाण्यावर असतं.

भेंडी घ्या. मी ती रात्रीच धुऊन, फडक्यानं पुसून पंख्याखाली पसरते. सकाळी विळीही कोरडी हवी. उभ्या फोडी, पसरट लोखंडी कढई, तेल चांगलं तापलेलं, आणि झाकण अजिबात नाही. मीठ अगदी शेवटी; आधी घातलं की पाणी सुटलंच म्हणून समजा. एवढं करूनही गरम भाजी डब्यात कोंबली तर सगळं मुसळ केरात. वाफ झाकणाला धरते, तिचे थेंब खाली पडतात आणि तासाभरात भेंडी पुन्हा बुळबुळीत. म्हणून परातीत पसरून निववायची. डबे न्यायला आलेला पोरगा दारात हॉर्न वाजवत असतो. वाजवू दे.

दुधीला नाकं मुरडणारे त्याचे धपाटे मागून घेतात. किसाला मीठ लावायचं आणि सुटलेल्या पाण्यातच ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, मूठभर कणीक मळायची. लसूण-मिरची, तीळ, ओवा. ओल्या फडक्यावर पातळ थापून कडा खरपूस होईपर्यंत भाजायचे. लपवाछपवी मला पटत नाही. कुणी विचारलं तर दुधी आहे म्हणून सांगते. सोळाव्या वर्षी चोरी पकडली गेली, तर पुढचा प्रत्येक धपाटा फाडून तपासला जातो.

पालेभाजीचा हट्ट मात्र मी सोडत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीला रोज ३२ मिलिग्रॅम लोह सांगितलंय, मुलाला २६. नुसत्या भातावर ते कुठून भरून निघणार? मेथी, शेपू तव्यावर मोकळी परतते आणि सोबत लिंबाची फोड ठेवते, कारण आंबटाबरोबर पाल्यातलं लोह अंगी जास्त लागतं. जेवणावर लगेच चहा ढोसला की तेच लोह वाया जातं. हे मी दहादा सांगते, आणि पोरं टपरीवर जातात ती जातातच.

माझं गिचक्याचं मत एका दिवशी मात्र साफ आडवं पडतं. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, आमच्याकडे सगळे शेतात जेवतात. तिथली भज्जी म्हणजे मेथी, कांद्याची पात, तुरीचे कोवळे दाणे, वाटाणे, चिंच आणि बेसन यांचा चांगला शिजलेला लगदा! तरी हीच मुलं बाजरीच्या उंड्याबरोबर ती दोनदा वाढून घेतात. रान तुडवून भूक लागलेली असते हे खरं. पण त्याहून मोठं कारण असं, की तिथं कुणाच्या ताटाकडे कुणी बघत नाही.

घरी नेमकं उलट होतं. आई समोर बसून घास मोजते. फोनवरही तेच: ‘ताई, भाजी खातो का आमचा?’ मी डब्यात दिसलं तसं खरं सांगते. कालची मेथी संपली होती, परवाचा कोबी तसाच आला. वर एवढं बजावते, की हे त्याला विचारू नका बरं का. विचारलंत तर उद्या मेथीही तशीच परत येईल.