मरळीची काठी किती हाताची?

भातलावणी उरकली, पाऊस जरा उघडला, की आमच्या नदीकडच्या बांधावर पोरं दिसायला लागतात. बदलापूरची असतात, अंबरनाथची असतात, काही उल्हासनगरहून बाईकवर येतात. मरळ मारायची असते सगळ्यांना. आणि पहिला प्रश्न ठरलेला: “काका, काठी किती फुटांची घेऊ?”

माझं उत्तर पण ठरलेलं. उभा कुठं राहणार ते आधी सांग.

दुकानात लोक मासा किती मोठा त्यावरून काठी मागतात. पण आपल्याकडे काठीची लांबी मासा ठरवत नाही, जागा ठरवते. आमच्या पडवीत आढ्याला तीन काठ्या अडकवलेल्या असायच्या, त्या तीन जागांच्याच होत्या.

पहिली चार हाती, म्हणजे सहा फुटी. ही खाचरातल्या पाटाची आणि ओढ्याची. तिथं डोक्यावर करंज, बाभूळ, बाजूला निरगुडी. लांब काठी फिरवायला जागाच नसते. मासा हिसका देतो तेव्हा काठी वर उचलायला मोकळं आभाळ लागतं, नाहीतर शेंडा फांदीत आणि मासा पाण्यात.

दुसरी पाच-सहा हाती. ही मोकळ्या काठाची, गांडूळ लावून चिलापी, वाम धरायची. रील नसलेल्या बांबूला तंगूस काठीएवढाच ठेवायचा किंवा हातभर कमी. जास्त ठेवला तर मासा हातात यायच्या ऐवजी पायाशी चिखलात लोळतो आणि सुटतो.

तिसरी सात हाती, साडेदहा फुटी. ही खरी मरळीची. उल्हास नदीला आता जागोजागी जलपर्णी आहे. मरळ त्या पानांखालीच बसते. तिला श्वास घ्यायला वर यावं लागतं, पाण्यातल्या हवेवर तिचं भागत नाही. म्हणून जलपर्णीत जिथं ताटाएवढी मोकळी जागा दिसते आणि तिथं बुडबुडा फुटतो, तिथंच बेडकी अलगद टेकवायची. यासाठी काठी लांब आणि तंगूस आखूड, तीन-चार फूट पुरे. मरळ लागली की बाजूला ओढायचं नाही, सरळ वर उचलायचं. एकदा ती मुळांत शिरली की तंगूस गेला समजा. लांब काठीचा दुसरा फायदा, आपण काठापासून मागे राहतो. मरळीला सावली आणि पावलाचा धक्का लगेच कळतो.

मग सगळीकडे सात हातीच का नाही? काठी ही तरफ आहे. पहार जितकी लांब तितका दगड सहज उलटतो, कारण आपण लांब टोकाला असतो. काठीत उलटं होतं. लांब टोकाला मासा, आखूड टोकाला आपलं मनगट. तोच दोन किलोचा मासा सहा फुटी काठीवर एक वाटतो आणि बारा फुटी काठीवर भलताच. अर्ध्या तासात हात भरून येतो तो वेगळाच.

रीलवाल्यांचं गणित निराळं. रबरी बेडूक लांब फेकून जलपर्णीवरून ओढत आणायचा असेल तर साडेसहा ते सात फुटी ताठ रॉड आणि जाड ब्रेडेड दोरा. अंतर दोरा देतो, रॉडने फक्त नेम आणि जोर द्यायचा. हल्ली व्हिडिओ बघून कुणी आठ-नऊ फुटी रॉड मागतं. अमेरिकेत मस्की नावाचा मोठा शिकारी मासा आहे, त्याच्यासाठी तिकडं तसे रॉड वापरतात. तो मासा आमिषामागे बोटीपर्यंत येतो, मग बोटीच्या कडेला रॉडचं टोक पाण्यात घालून इंग्रजी आठचा आकडा काढतात. आकडा मोठा निघावा म्हणून रॉड लांब. त्यांच्या जागी ते बरोबर आहे. आपण बोटीत नसतो, चिखलाच्या काठावर असतो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. जागा म्हणजे फक्त पाणी नाही, वरचं आभाळ पण. शेतपंपाच्या तारा आमच्या बांधावरून जातात आणि दोन खांबांमध्ये झोळ पडलेला असतो. बारा फुटी काठी हातात उभी धरली की टोक जमिनीपासून सोळा-सतरा फुटांवर जातं. कार्बनच्या रॉडमधून वीज जाते. ओला बांबूही भरवशाचा नाही. गेल्या पावसाळ्यात एका पोराने बांधावर उभं राहून रॉड मागे नेला, शेंडा तारेपासून हातभर राहिला. मी खाचरातून ओरडलो म्हणून थांबला. त्याची नजर पाण्यावर होती, वर बघायचं त्याला सुचलंच नाही. आणि वांगणी-बदलापूर पट्ट्यात रेल्वेजवळ तर काठी उघडूच नका. ती तार २५ हजार व्होल्टची आहे. तिला शेंडा टेकायचीही गरज नसते, जवळ गेला तरी पुरे. जागेवर पोचल्यावर आधी वर बघायचं, मग काठी जोडायची. तार दिसली तर दोन शेतं पुढं जायचं, मासा तिथं पण आहे.

एक अजून. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा गुच्छ फिरताना दिसेल. खाली मरळ राखणीला असते आणि जवळ जे येईल त्यावर तुटून पडते. लांब काठीने तिथं बेडकी टेकवली तर हमखास लागते. पण मोठी मरळ गेली की बाकीचे मासे त्या पिल्लांचा तासाभरात फडशा पाडतात. एका कालवणासाठी पुढच्या तीन वर्षांची मरळ घालवू नका.

बांबू घरचा करायचा असेल तर भरीव मानवेल बघा. पावसाळा संपल्यावर जून काठी तोडा, सावलीत वाळवा, चुलीवर धुरी द्या, भुंगा लागत नाही. आधी थोडी लांबच तोडा. नदीवर नेऊन हातात धरून बघा आणि मग कापा. आखूड करता येते, लांब करता येत नाही.