मुलींना पूर्ण मैदान

संपादकांचा फोन आला तेव्हा मी एका अस्थिरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात बाकावर बसले होते. 'महिला प्रशिक्षकाच्या कारकिर्दीवर लिहा, फार तांत्रिक नको,' असं ते म्हणाले. आत माझ्या संघाची कप्तान होती. एस.वाय. बी.कॉम.ची मुलगी, डावा गुडघा टम्म सुजलेला. आदल्या दिवशी आंतरमहाविद्यालयीन सामन्याच्या चौथ्या क्वार्टरमध्ये रिंगवरून परतलेला चेंडू, म्हणजे रिबाउंड, घेऊन ती खाली आली आणि तिचा गुडघा आत वळला. 'टक' असा आवाज मला बेंचवर ऐकू आला. डॉक्टरांनी एसीएल, म्हणजे गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध तुटल्याचं सांगितलं आणि तिच्या वडिलांकडे बघून म्हणाले, "मुलीच्या जातीला असले धसमुसळे खेळ हवेत कशाला?" वडिलांनी मान हलवली.

हे मान हलवणं मी बत्तीस वर्षं बघते आहे.

बास्केटबॉलचा जन्म डिसेंबर १८९१ मधला, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डचा. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात मुलांना बंद सभागृहात खेळायला काहीतरी हवं म्हणून तो रचला. वर्षभरातच जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींच्या हाती दिला. २२ मार्च १८९३ रोजी तिथे मुलींचा पहिला महाविद्यालयीन सामना झाला. पुरुषांना बघायलाही प्रवेश नव्हता. मुलींना झेपावं म्हणून बेरेन्सनबाईंनी नियम बदलले. मैदानाचे तीन भाग केले आणि जिला जिथे उभी केली तिने तिथेच राहायचं ठरवलं. चेंडू हिसकावायचा नाही, तीन सेकंदांपेक्षा जास्त हातात ठेवायचा नाही, तीनपेक्षा जास्त वेळा आपटायचा नाही. मी त्यांना दोष देत नाही. ज्या काळात मुलीने धावणंच लाजिरवाणं मानलं जाई, त्या काळात त्यांनी मुलींना मैदानावर आणलं. पण त्यांनी आखलेली रेघ पुढे शंभर वर्षं पुसली गेली नाही.

तीन भागांचे पुढे दोन झाले आणि संघात सहा मुली आल्या. तीन फॉरवर्ड आक्रमणाला, तीन गार्ड बचावाला. मधली रेघ कुणीच ओलांडायची नाही. हे जरा सविस्तर सांगते, कारण माझा सगळा वाद इथे आहे. पाच जणींच्या खेळात बचाव करणारी मुलगी रिबाउंड घेते, बाजूच्या मुलीकडे पहिला पास देते आणि २८ मीटरचं मैदान कापून ले-अप मारायला, म्हणजे रिंगजवळून बास्केट करायला, पोचते. बचावातून आक्रमणात जाणं हाच बास्केटबॉलचा प्राण आहे. सहा जणींच्या खेळात तोच काढून घेतला होता. गार्ड म्हणून उभी राहिलेली मुलगी शाळा संपेपर्यंत सामन्यात एकदाही बास्केट मारत नसे. फॉरवर्ड मुलीला बचावात पाय सरकवणं, ज्याला आम्ही स्लाइड म्हणतो, ते येतच नसे. आणि भर वेगात येऊन रेघेशी खट्‌कन थांबायचं. गुडघ्यावर सगळ्यात जास्त ताण धावताना येत नाही, थांबताना आणि उडी मारून खाली येताना येतो. मुलींना जपण्यासाठी आखलेली रेघ त्यांना नेमकं तेच करायला लावत होती, असं माझं प्रशिक्षक म्हणून स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतल्या महाविद्यालयांनी १९७१ मध्ये पाच जणींचा, पूर्ण मैदानाचा खेळ स्वीकारला. शाळा मात्र अडून बसल्या. आयोवा राज्यात सहा जणींचा खेळ १९९३ पर्यंत चालला, ओक्लाहोमात १९९५ पर्यंत. त्याच आयोवाचा विद्यापीठ संघ २०२४ मध्ये साउथ कॅरोलिनाविरुद्ध अंतिम सामना खेळला, तेव्हा १ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी तो टीव्हीवर पाहिला. पुरुषांचा अंतिम सामना बघणारे दीड कोटीहून कमी होते.

आता पॅट समिट यांच्याबद्दल. त्यांच्याशिवाय या विषयावर लिहिणं मला शक्य नाही. टेनेसी राज्यातल्या शेतकऱ्याची ही मुलगी. गावातल्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून वडिलांनी बिऱ्हाड पलीकडच्या भागात हलवलं. कॉलेजात असताना गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. एसीएलच. डॉक्टरांनी खेळ विसरायला सांगितलं, तेव्हा वडील म्हणाले की गुडघा नीट करा, तिला ऑलिंपिकला जायचं आहे. ती १९७६ मध्ये माँट्रियलला गेली. महिलांचं बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच होतं आणि अमेरिकी संघाच्या दोन कप्तानांपैकी ती एक होती. रौप्यपदक घेऊन आली.

त्याआधीच, १९७४ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी टेनेसी विद्यापीठाने तिला मुख्य प्रशिक्षक नेमलं होतं. पगार महिन्याला २५० डॉलर. संघाचे गणवेश डोनट विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेले. ते धुणं तिच्याकडे, सामन्याला जाताना गाडी चालवणंही तिच्याकडे. पहिला सामना संघ एका गुणाने हरला, ८३ विरुद्ध ८४. पुढच्या ३८ हंगामांत १,०९८ विजय आणि ८ राष्ट्रीय विजेतेपदं. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्यांच्या हाताखालच्या संघाने सुवर्णपदक जिंकलं. पण मला सर्वांत मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. टेनेसीच्या शाळांतही सहा जणींचाच खेळ होता. १९७६ मध्ये तिथली एक शाळकरी गार्ड न्यायालयात गेली, मला पूर्ण मैदानावर खेळू द्या म्हणून. अपिलात ती हरली. पॅट यांनी मात्र बजावून ठेवलं होतं की, अर्धा खेळ शिकून आलेल्या आपल्याच राज्यातल्या मुली मी घेणार नाही. १९७९ मध्ये राज्याने नियम बदलला.

आपल्याकडे आज अशी रेघ कागदावर नाही. मुली पाच जणींचाच खेळ खेळतात. फरक फक्त चेंडूत, ७ नंबरऐवजी ६ नंबरचा. तरीही रेघ आहे, आणि ती मी रोज पुसते. एफ.वाय.ला आलेली नवी मुलगी घ्या. तिला बॉक्स-आउट शिकवायचं असतं. चेंडू रिंगवर आपटला की वर बघायचं नाही. आधी पिव्हट घेऊन, म्हणजे एका पायावर वळून, समोरच्या मुलीला पाठीवर घ्यायचं, पाय खांद्यांपेक्षा रुंद, कंबर खाली, कोपरं बाहेर, आणि तिला मागे रेटून मग उडी. काही क्षणांचं काम. ते अंगात उतरायला तीन महिने लागतात, कारण दुसरीला पाठ लागली की मुलगी पटकन "सॉरी" म्हणते आणि अंग चोरते. लहानपणापासून बसमध्ये, गर्दीत, घरात अंग चोरायला शिकलेली असते. मी ओरडते, "सॉरी नको, जागा घे!" ज्या दिवशी ती न बोलता जागा घेते, त्या दिवशी मला तिच्यातली बास्केटबॉलपटू दिसते. लोक म्हणतात, उंची असली की झालं. उंच मुलगी अंग चोरून उभी राहिली तर रिबाउंड बुटकीलाच मिळतो.

लोकांना वाटतं प्रशिक्षक म्हणजे टाइम-आउटला पाटीवर रेघोट्या मारणारी बाई. आमचं आयुष्य त्यात जात नाही. ते मैदानावरचं पावसाचं पाणी गोणपाटाने टिपण्यात जातं, हजेरीसाठी प्राध्यापकांकडे खेटे घालण्यात जातं, 'मॅडम, मुलीला यायला अंधार होतो' म्हणणाऱ्या आईला स्वतः घरी सोडण्याचा शब्द देण्यात जातं. मी नोकरी केलेल्या एका संस्थेने ऐन हंगामात मैदान लग्नसमारंभाला दिलं होतं. आम्ही चौदा दिवस गच्चीवर पासिंग केलं. आणि हे करणाऱ्या बायकाही कमी होत चालल्या आहेत. अमेरिकेत १९७२ मध्ये मुलींना खेळात समान संधी देणारा कायदा आला, तेव्हा महाविद्यालयांतल्या मुलींच्या दहापैकी नऊहून अधिक संघांना बाईच प्रशिक्षक होती. पगार वाढले, प्रतिष्ठा आली, आणि आज ते प्रमाण निम्म्याच्याही खाली आहे. बायका कमी पडल्या म्हणून हे झालं, हे मला मान्य नाही.

पॅट कठोर होत्या. संघ रात्रभर मजा करून आला तेव्हा त्यांनी मैदानाच्या चार कोपऱ्यांत कचऱ्याचे डबे ठेवले आणि मुली ओकेपर्यंत त्यांना पळवलं, हा किस्सा प्रसिद्ध आहे. तरुणपणी मीही एका पराभवानंतर मुलींना ऊन चढेपर्यंत पळवलं होतं. त्यांतली एक पुन्हा आली नाही. पॅटच्या मुलींना वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसावं लागे आणि चार वर्षं पूर्ण खेळलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊनच बाहेर पडली. कठोरपणाला अशी काळजीची जोड हवी, हे मी उशिरा शिकले.

आता माझ्या कप्तानकडे येते. मुलींमध्ये एसीएल तुटण्याचं प्रमाण मुलांच्या किमान दुप्पट आहे, हे खरं. पण उडीनंतर खाली कसं यायचं हे शिकवलं, गुडघे आत न पडू देणं, मांड्या आणि कंबर बळकट करणं नियमाने केलं, तर हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आणता येतं, हेही तितकंच खरं. डॉक्टरांनी ते सांगितलं नाही. आमचा सराव त्यानेच सुरू होतो. उडी मारून उतरताना पायांचा आवाज आला तर ती पुन्हा. म्हणूनच मला झोप लागत नाही. त्या दिवशी आम्ही ११ गुणांनी पुढे होतो. तीन दिवसांतला तो तिचा चौथा सामना होता आणि तिचे पाय जड झालेले मला दिसत होते. दोन मिनिटं बसवायला हवं होतं. मोठ्या फरकाने जिंकण्याचा मोह मला आवरला नाही. दोष खेळाचा नव्हता, मुलीच्या जातीचाही नव्हता. तो माझा होता, आणि तिच्या वडिलांना मी तो तसाच सांगितला. मग पॅटच्या वडिलांची गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत. चार दिवसांनी शस्त्रक्रियेची तारीख त्यांनीच घेतली.

पॅट यांना ५९ व्या वर्षी अल्झायमर असल्याचं निदान झालं. ऑगस्ट २०११ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं आणि तरीही पुढचा पूर्ण हंगाम त्या बेंचवर बसल्या. २८ जून २०१६ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी त्या गेल्या.

माझ्या कप्तानच्या शस्त्रक्रियेला तीन आठवडे झाले. खेळायला वर्ष लागेल. सध्या ती कुबड्या घेऊन येते आणि नव्या मुलींचे बॉक्स-आउट वहीत मोजते. सराव रोज सकाळी सव्वासहाला असतो. आठ वर्षांच्या मुलीही चालतात, चेंडू आमच्याकडे आहेत. वडिलांनी मुलीला सोडून लगेच जाऊ नये. दहा मिनिटं थांबून बघावं.