आयरिस ब्लू

माझा मामा १९६८ साली मुंबईहून इंग्लंडला गेला. तिथल्या सरकारी इस्पितळांना डॉक्टर हवे होते आणि आपल्याकडची कितीतरी मुलं त्या काळात अशी गेली. त्याच्या इस्पितळाच्या आवारात एका बड्या सर्जनची उघड्या टपाची एमजीबी उभी असायची. रात्रपाळी संपली की मामा आधी तिच्याभोवती एक फेरी मारायचा आणि मग बसस्टॉपकडे वळायचा. पुढे संसार, घराचे हप्ते, मुलीचं शिक्षण यांत ती हौस मागे पडली, पण विरली नाही. १९९६मध्ये मी कॉव्हेंट्रीला शिकायला म्हणून लेमिंग्टनला त्याच्या घरी राहायला गेले, तेव्हा गॅरेजात ठोकळ्यांवर १९६३ची एक एमजीबी चढवलेली होती. कुणीतरी तिला गडद हिरवा रंग फासला होता, चाकांना चकाकती क्रोमची तारेची रिमं लावली होती आणि मामा त्या गाडीकडे अशा नजरेने बघत होता की मामीने चहाचा कप त्याच्या हातात देण्याऐवजी मडगार्डवरच ठेवला.

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, मूळची ऑक्सफर्डची. १९२९ साली कारखाना जवळच्या ॲबिंग्डन गावात आला आणि एमजीबी तिथे १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनत राहिली. बंद टपाची धरून पाच लाखांवर गाड्या बाहेर पडल्या. श्रीमंतांचं खेळणं नव्हतीच ती. शाळामास्तर, नर्सा, नुकते नोकरीला लागलेले तरुण, असे लोक ती घेत. १७९८ सीसीचं साधं इंजिन, गावच्या मेकॅनिकला कळेल अशी रचना आणि ताशी शंभर मैलांच्या थोडा पुढे जाणारा वेग. मला वाटतं, तिच्यावर लोकांचा इतका जीव जडला तो याच साधेपणामुळे.

शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहत. उभं आयुष्य त्यांनी ॲबिंग्डनच्या कारखान्यात काढलं होतं. मामी त्यांना ‘आजोबा’ म्हणे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो आणि त्यांनाही ते आवडलं. पहिल्या दिवशी ते आले तेच रुमालात गुंडाळलेला लोहचुंबक घेऊन. गुडघ्यांवर बसून त्यांनी तो दाराखालच्या पट्टीवरून हळूहळू फिरवत नेला. चार बोटं चिकटायचा, मग वीतभर नुसताच घसरायचा. घसरला त्या प्रत्येक जागी ते खडूने फुली मारत गेले. तिथे पत्रा उरलेलाच नव्हता, लांबी भरून वर रंग दिला होता. बॉनेटवर तर चुंबक कुठेच धरेना. मामाचा चेहरा उतरला. आजोबांनी नखाने टिचकी मारली आणि म्हणाले, “घाबरू नका डॉक्टर. हे ॲल्युमिनियमचं आहे. आम्ही तसंच लावत होतो.”

त्याच आठवड्यात दाराच्या आतला पुठ्ठा काढला आणि मागे हाताएवढा फिकट निळा तुकडा दिसला. पावसाने धुतलेल्या आभाळाचा निळा. रंगाचं नाव आयरिस ब्लू. जवळच गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे, तिथे कारखान्याच्या जुन्या नोंदी जपल्या आहेत. चॅसी नंबर कळवला की गाडी कोणत्या तारखेला बनली, इंजिनाचा नंबर, रंग, सीटा, सोबत काय काय बसवून दिलं होतं, असा दाखला मिळतो. मामाने तो मागवला. त्यावर आयरिस ब्लू होतं, काळ्या सीटा होत्या, तारेची चाकं होती. मामाने तो फ्रेम करून लावला, स्वतःच्या पदवीच्या वर.

आणि मग खरा प्रश्न सुरू झाला. मूळ म्हणजे किती मूळ?

एमजीबीला वेगळी चॅसी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. त्यातही दाराखालच्या पट्ट्यांवर मोठी भिस्त. बाहेरून एक दिसते, पण आत एकामागे एक तीन पत्रे असतात. ते कुजले की गाडी मधून वाकते आणि दार लागेनासं होतं. ओळखीतल्या सगळ्यांनी सल्ला दिला, नवा सांगाडाच घ्या. १९८८पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी मूळच्याच डायांवर एमजीबीचे कोरे सांगाडे दाबून काढत होती. डाय तोच, आकार तोच, गंज नाही. मामा अडून बसला. “मग माझी गाडी म्हणजे नुसती नंबराची पट्टी उरेल.” आजोबांचं मत उलट होतं. त्यांच्या लेखी तो सांगाडा अस्सलच होता. गॅरेजात हा वाद कितीतरी संध्याकाळी चालला. अखेर मामाचं ऐकलं गेलं. दारांच्या चौकटीत आडवे लोखंडी टेकू जोडले, आधी एक बाजू कापून नवी केली, दार लावून फट बोटाने चाचपली, मगच दुसरीला हात घातला. मी आजही मामाच्या बाजूची आहे. कोऱ्या सांगाड्यात खोट नाही, पण त्या हिरव्या थराखाली जगलेला निळा तुकडा त्यात आला नसता.

रंगाच्या वेळी मात्र आजोबांनी पाय रोवला. रंगारी म्हणाला, आरशासारखं घासून देतो. आजोबांनी साफ मनाई केली. ॲबिंग्डनहून अशी आरसा झालेली गाडी कधी निघालीच नव्हती. जवळून पाहिलं तर रंगावर बारीक संत्र्याच्या सालीसारखा पोत असे, आणि तोच हवा. क्रोमची चाकं गेली, चंदेरी रंगाची आली. मामीला वाईट वाटलं, कारण गाडीत तिला तेवढीच आवडली होती. बॅटरीची जोडणीही उलटी केली. त्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे, मधल्या मालकाने रेडिओसाठी ते बदललं होतं. जोडणी मूळ झाली आणि रेडिओ गेला. मामा नाट्यगीतं म्हणत गाडी चालवू लागला.

आजोबा कामाबद्दल भरभरून बोलत. ॲबिंग्डनला सरकता पट्टा नव्हता, गाडी एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर माणसं हाताने ढकलत. कारखाना बंद होण्याबद्दल मात्र ते एकदाच बोलले. सप्टेंबर १९७९मध्ये गावाने एमजीच्या तिथल्या पन्नास वर्षांचा सोहळा केला, मिरवणूक निघाली आणि पाठोपाठ सोमवारी एमजीचं उत्पादन थांबवण्याची घोषणा झाली. पुढच्या ऑक्टोबरात शेवटची गाडी निघाली. एवढं सांगून त्यांनी पाना उचलला आणि कामाला लागले. त्या दिवाळीत मामीने चकल्यांचा डबा गॅरेजातच नेऊन दिला. ग्रीसचे हात पुसायलाही न थांबता ते दोघं खात बसले होते.

दोन एसयू कार्बोरेटर जुळवायचा दिवस मला सगळ्यात लख्ख आठवतो. दोन्हींतून सारखी हवा ओढली गेली तरच इंजिन एका लयीत चालतं. जुने मेकॅनिक रबरी नळी कानाला लावून प्रत्येकाच्या तोंडाशी सुसकारा ऐकत. मामाने घरात जाऊन स्टेथोस्कोप आणला, पुढची चकती काढली आणि उघडी नळी आधी एका कार्बोरेटरपाशी धरली, मग दुसऱ्या. इस्पितळात पेशंटसमोर करायचा तसे डोळे मिटून घेतले. “मागचा जास्त ओढतोय,” म्हणाला. आजोबांनी स्क्रू केसभर फिरवला. पुन्हा ऐकलं, पुन्हा केसभर. मग नळी त्यांनी स्वतःच्या कानाला लावली आणि मान हलवली. त्यानंतर त्यांनी मामाला ‘मिस्टर’ वगैरे काही लावलं नाही, नुसतं ‘डॉक’.

किल्ली फिरवली की आधी मागून पेट्रोलच्या पंपाची टकटक ऐकू येई, भराभर, मग संथ, मग थांबे. ती थांबली की किल्ली आणखी पुढे फिरवून स्टार्टर लावायचा. पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हता, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकायचा नाही, हे आजोबांनी मला बजावून शिकवलं.

एका बाबतीत मामीचा विजय झाला. त्या काळी हीटरसाठी वेगळे पैसे मोजावे लागत, म्हणून मूळपणाच्या नादात मामा तो काढून टाकायला निघाला होता. मामीने भिंतीवरची फ्रेम उतरवली, चष्मा लावून दाखला शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि हीटरच्या नोंदीवर बोट ठेवलं. हीटर राहिला. आता गाडी मामेबहिणीकडे आहे. पुढच्या चाकांच्या किंगपिनना ती स्वतः ग्रीस भरते, जानेवारीतही टप उघडून फिरते, आणि हीटर अजून उत्तम चालतो.