चांदवड : वाटेवरची राजधानी

मनमाड जंक्शनवर उतरलेले जैन कुटुंब बहुधा अंकाई-टंकाईची लेणी पाहते, नाहीतर मुलाच्या प्रवेशासाठी चांदवडच्या नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाकडे वळते. १९२८ साली स्थापन झालेली ही संस्था व्यापारी घराण्यांना परिचित आहे. अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर. काम आटोपले की परतीच्या गाडीची घाई असते, आणि एका जुन्या राजधानीला पाय लागून गेल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

सेऊणदेशाच्या यादवांचा मूळपुरुष दृढप्रहार नवव्या शतकात चंद्रादित्यपुरातून राज्य करीत होता. ते नगर म्हणजेच चांदवड, असे अभ्यासक मानतात. पुढे राजधानी सिन्नरला आणि बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाच्या काळात देवगिरीला गेली. जिनप्रभसूरींच्या चौदाव्या शतकातील ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात, नाशिकच्या प्रकरणात, दृढप्रहाराची कथा येते. द्वारका जळाली तेव्हा एका यादवाच्या गर्भवती पत्नीने भगवान चंद्रप्रभांचा आश्रय घेतला. तिचा पुत्र दृढप्रहार. चोरांनी पळवलेल्या गाई त्याने सोडवून आणल्या, म्हणून लोकांनी त्याला नगररक्षक नेमले. राजकुळाचा आरंभ पहारेकऱ्यापासून सांगणारी ही कथा व्यापाऱ्याला चटकन पटावी. वाट निर्धास्त असेल तेथेच पेठ भरते.

गावामागच्या डोंगरात जैन लेणे आहे. कातळात तीर्थंकरांच्या मूर्ती कोरलेल्या असून चंद्रप्रभ मूलनायक आहेत. चढण थोडीच, पण उन्हाच्या आत जावे. मुंबई-आग्रा रस्त्यालगत डोंगराच्या कुशीत रेणुकामातेचे स्थान आहे. अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. वरचा किल्ला मात्र सराईत पायांसाठीच. माथ्यावर अवशेषही फार नाहीत.

खरा वेळ द्यावा तो रंगमहालाला. होळकरांचा हा वाडा बाहेरून गढीसारखा राकट, आत शिरताच मात्र चौकाभोवती कोरीव लाकडी खांब आणि महिरपी. भिंतींवर जुन्या चित्रांच्या खुणा आहेत, आवारात बारवही आहे. पुणे आणि इंदूर यांच्यामधल्या घाटावर ज्याचा ताबा, त्याच्या हाती उत्तरेच्या वाटेची किल्ली असे. होळकरांनी येथे एवढा वाडा का बांधला, ते घाटाकडे पाहिले की कळते. चांदवडला टाकसाळही होती. येथला चांदवडी रुपया बाजारात चाले. त्या काळी टाकसाळीगणिक रुपयाचे वजन आणि कस बदलत असे, त्यामुळे नाणे पारखून बट्टा ठरवणाऱ्या सराफावाचून कोणाचा सौदा पुरा होत नसे. आजच्या पेढ्यांच्या पूर्वजांनी ही पारख गादीवर बसूनच शिकली असावी.

१८०४ मध्ये किल्ला इंग्रजांनी घेतला आणि १८१८ मध्ये तो कायमचा त्यांच्याकडे गेला. त्यानंतर रेल्वे आली, पण ती घाटावरून न जाता मनमाडवरून गेली, आणि व्यापाराने आपला मुक्काम तिकडे हलवला. महामार्ग आजही चांदवडवरूनच जातो. वाहने मात्र क्वचितच थांबतात.

मुलाला वसतिगृहात सोडायला आलेल्यांनी परतीची गाडी संध्याकाळची ठेवावी. सकाळी लेणे, दुपारी रंगमहालाची सावली, आणि मुलाला बरोबर न्यावे. पुढची काही वर्षे तोच या डोंगराखाली राहणार आहे.