बंड्याची दाढ

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र हसण्यावारी नेऊ नका. विषय आहे आमच्या बंड्याचे दात!

रविवारी आमच्या पनवेलच्या घरी जेवायला येणाऱ्या हॉस्टेलच्या मुलींना बंड्या ठाऊक आहे. पांढरा, कापसाच्या गोळ्यासारखा पॉमेरेनियन, वय वर्षं 12. आजीच्या चहात बुडवलेलं बिस्किट हा त्याचा ब्रेकफास्ट. गेल्या दिवाळीपासून त्याच्या तोंडाला वास यायला लागला. ‘म्हातारा झालाय’ म्हणून त्याचं अंथरूण आधी हॉलमध्ये, मग गॅलरीत गेलं. मीच हलवलं. सबमिशन्स चालू होती, वास सहन होत नव्हता.

मग तो एकाच बाजूने चावायला लागला. पोळीचा तुकडा तोंडातून खाली पडायचा. मी म्हटलं, नखरे! एके सकाळी बघते तर उजव्या डोळ्याखाली ही एवढी सूज. गांधीलमाशी चावली असेल म्हणून आम्ही चक्क हळद लावली.

दोन दिवसांनी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजचे. ते कॉलेज 1886 सालचं, म्हणजे आपल्या कॉलेजचं पणजोबाच. त्यांनी डोळा बघितलाच नाही, आधी ओठ वर उचलला. दातांवर तपकिरी कीटण, हिरड्या लालभडक आणि वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू. या दाढेची मुळं डोळ्याच्या खालीच येतात, म्हणून सूज तिथे दिसते.

“किती दिवस दुखतंय याला?” डॉक्टरांनी विचारलं. आई, आजी, मी... तिघीही गप्प.

कुत्रा अल्सेशियन असो की पॉमेरेनियन, दात 42 च. छोट्या जबड्यात ते सगळे पनवेल लोकलच्या चौथ्या सीटसारखे दाटीवाटीने बसतात. फटींत अन्न अडकतं, त्यावर जंतूंचा थर बसतो आणि काही दिवसांतच त्याचं दगडासारखं कीटण होतं. मग ते ब्रशने निघत नाही.

सफाईसाठी पूर्ण भूल द्यावी लागणार होती. आजी घाबरली. “म्हातारा जीव, उठला नाही तर?” डॉक्टर म्हणाले, “आजी, धोका थोडा आहेच. पण वय हा काही आजार नाही. आधी रक्त तपासू, किडनी-लिव्हर ठीक असेल तरच करू.” रिपोर्ट ठीक आले. श्वासनलिकेत नळी घातली, म्हणजे तोंडातलं पाणी फुप्फुसात जात नाही. कीटण काढायला अल्ट्रासॉनिक स्केलर! फर्स्ट इयरला मी जे अल्ट्रासॉनिक्स ऑप्शनला टाकलं होतं, ते सेकंदाला 20 हजारांहून जास्त कंपनं करत बंड्याचे दात साफ करत होतं.

सात दात काढावे लागले. 42 पैकी 35 राहिले, म्हणजे डिस्टिंक्शनच! संध्याकाळी तो लडखडत उठला तेव्हा आजीने देवापुढे साखर ठेवली.

आता रोज रात्री लहान मुलांचा मऊ ब्रश आणि कुत्र्यांची पेस्ट. आपली पेस्ट चालत नाही, कारण त्याला चूळ भरता येत नाही, सगळी पोटात जाते. काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं, ते तर कुत्र्यांना विषच. पहिल्या आठवड्यात नुसतं बोट फिरवलं, मग ब्रश. कडक हाडंही बंद, त्याने दाढ फुटते. बंड्या आता दोन्ही बाजूंनी चावतो आणि चप्पलही पळवतो! जो म्हातारपणाने शांत झाला असं आम्ही म्हणत होतो, तो दुखण्याने शांत झाला होता. अंथरूण परत माझ्या खोलीत आलंय.

मित्रमैत्रिणींनो, घरी म्हातारं कुत्रं असेल तर या सुट्टीत एकदा त्याचा ओठ उचलून बघा.

परवा बंड्याला ब्रश करताना आजी समोर बसली होती, चहात पोळी बुडवून खात. कवळी शेजारी वाटीत. मी सहज विचारलं, “आजी, कवळी टोचते का गं?”

“दोन वर्षं झाली,” ती म्हणाली. “वय झालं, चालायचंच.”

शनिवारी तिची डेंटिस्टची अपॉइंटमेंट आहे. त्या दिवशी मी प्रॅक्टिकल बुडवणार आहे, सरांनी कृपया समजून घ्यावं!